पुठ्ठ्यावरची दुपार

त्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. दुपारी कंपनीचा फोन आला. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. फोनवरच्या माणसानं सांगितलं की माझा नवरा ऑस्ट्रेलियात वारला. मी हातातलं पुस्तक कपाटात ठेवलं, कपाटाला कुलूप लावलं, किल्ली टेबलावर ठेवली आणि घरी आले.

सकाळी तो काय बोलला होता ते शब्दाशब्दानं आठवतं, कारण त्यात लक्षात ठेवण्यासारखं काहीच नव्हतं. तिथलं घड्याळ आपल्या पुढे. त्याची कारखान्यातली पहिली सुट्टी व्हायची तेव्हा मी इथे गॅसपाशी उभी असायचे.

“काय करायलीस?”

“चहा ठेवलाय.”

“मला पण ठेव अर्धा कप.”

हा विनोद रोजचा होता. मग मी विचारलं, काम कुठवर आलं.

“माझं झालं गं. आता त्यांचं चालू आहे. मला हात लावायची बंदी. जावयागत उभा आहे सकाळधरून, हात खिशात घालून.”

“मग बस की कुठेतरी.”

“बसलेला फिटर बघितलायस का तू कधी?”

तेवढ्यात कुणीतरी त्याला हाक मारली. तो “कमिंग, कमिंग” म्हणाला आणि फोन बंद झाला. एवढंच. त्यानंतर त्याचा आवाज मी ऐकला नाही. म्हणजे त्याच्या तोंडून ऐकला नाही.

तो लातूरकडचा. डिप्लोमा करून पिंपरीला आला आणि चाकणच्या एका कंपनीत लागला, तो तिथेच राहिला. ही कंपनी खोके भरायची यंत्रं बनवते: एका बाजूनं सपाट पुठ्ठा आत जातो, त्याचा खोका होतो, त्यात माल पडतो आणि दुसऱ्या बाजूनं बंद खोका बाहेर येतो. यंत्र चाकणला उभं करायचं, चालवून बघायचं, मग पुन्हा सुटं करून पेट्यांमध्ये भरायचं, आणि ज्यानं ते उभं केलं त्यानंच मालाच्या मागोमाग जाऊन गिऱ्हाइकाकडे पुन्हा उभं करायचं, अशी तिथली पद्धत. सुटं करताना जोडाच्या दोन्ही बाजूंवर एकच खूण ठोकायची, म्हणजे परक्या ठिकाणीही कोणता भाग कुणाचा ते चुकत नाही. तो बांगलादेशात गेला, केनियात गेला, आखातात तर किती वेळा गेला. परत येणं हा त्याच्या कामाचाच एक भाग होता. त्यामुळे आमच्या घरात निरोपाला कधी फारसं महत्त्व आलं नाही. आम्ही दोघंच. तो बॅग उचलायचा, मी दार लावून घ्यायचे.

ऑस्ट्रेलियाला मात्र तो व्यापार कराराखाली गेला होता. दोन देशांमध्ये मुक्त व्यापाराचा करार झाला की त्यात मालाबरोबर माणसांचाही विचार करावा लागतो, हे मला त्याच्याकडूनच कळलं. यंत्र विकायचं तर ते बसवणारा माणूस आत सोडायला हवा. संत तुकाराम नगरमधल्या आमच्या स्वयंपाकघरात भाकरी मोडता मोडता त्यानं मला सगळं समजावलं होतं. करारात कामानिमित्त येणाऱ्यांचे प्रकार पाडलेले असतात. बोलणी करायला येणारे, एकाच कंपनीच्या इथल्या शाखेतून तिथल्या शाखेत बदलून जाणारे, ठराविक कामाचा ठेका घेऊन जाणारे, आणि यंत्र बसवणारे व दुरुस्त करणारे. तो शेवटच्या प्रकारातला.

“आणि मी आले तर?” मी गमतीत विचारलं होतं.

“तू कुठल्या प्रकारात बसायलीस? यंत्र बसवणाऱ्याची बायको असा प्रकार नाही त्यात. मोठ्या साहेबांच्या बायकांना आहे.”

“मग मी बोलणी करायला येते.”

“ती तू इथं बसूनच बक्कळ करतेस.”

अटही त्यानंच सांगितली होती. त्यानं यंत्र जोडायचं, चालू करून द्यायचं, तिथल्या लोकांना शिकवायचं. त्यांचा रोजचा माल मात्र त्यानं काढायचा नाही. ते तिथल्या माणसाचं काम. शेवटचे काही दिवस यंत्र त्यांच्या हातानं चालणार आणि यानं बाजूला उभं राहून फक्त बघायचं. त्याला ही अट फार अवघड वाटत होती. चालू यंत्रापाशी रिकाम्या हातानं उभं राहणं त्याला कधी जमलेलं नव्हतं.

त्याला आणायला बरेच दिवस लागले. कंपनीनं सगळं केलं. मी फक्त सांगितलं तिथे सह्या केल्या. त्याच्या हाताखाली तयार झालेला, आता स्वतः फिटर असलेला एक सहकारी विमानतळावर गेला होता. तो खेड तालुक्यातला, चाकणच्या अलीकडच्या गावचा. नवऱ्याला तो ‘दादा’ म्हणायचा आणि मला ‘वहिनी’. सगळं आटोपल्यावर तो आमच्या दारातल्या स्टुलावर बसला आणि म्हणाला, “वहिनी, हार्ट. झोपेतच गेलं दादा. कायबी तरास झाला न्हाई.”

झोपेत गेला हे वाक्य माणसं धीर देण्यासाठी म्हणतात. मीही इतरांना म्हटलं असेन. पण दिवस उलटले तशी मी त्या वाक्यापाशी अडकून पडले. सकाळी तो माझ्याशी बोलला तेव्हा कामावर होता. कंपनीचा फोन आला तेव्हा तिथे दुपार कलायला लागली होती. मधल्या वेळात तो कारखान्यातच होता, हे कागदांवर लिहिलेलं होतं. मग भर दुपारी, परक्या माणसांच्या कारखान्यात, उभं राहायचा पगार घेणारा माणूस झोपेल कसा? आणि झोपलाच असेल तर कुठे? शेजारी कोण होतं?

मी कंपनीत विचारलं. त्यांनी सांगितलं की जेवणाच्या सुट्टीत झालं, नैसर्गिक कारण आहे, तिथल्या डॉक्टरांनी तसं लिहून दिलं आहे. मला कारण नको होतं. तो एकटा होता का, एवढंच मला हवं होतं. या प्रश्नाला कंपनीत खातं नाही.

मग ती जागा माझ्या घरात राहायला आली. मी कधी न पाहिलेली. सकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर हॉर्न देऊन पुढे गेली की ती जागा उघडायची. कधी तो एखाद्या लांब बोळात भिंतीला टेकून बसलेला असायचा आणि बोळाच्या दोन्ही टोकांना बंद दारं असायची. कधी कपडे बदलायच्या खोलीत, लोखंडी कपाटांच्या मध्ये. कधी ती जागा म्हणजे नुसता पांढरा उजेड असायचा, त्यात त्याचे बूट. ग्रंथालयात दुपारी मुलं कमी असतात. मागच्या रांगेत पुस्तकं लावताना मला वाटायचं, पलीकडच्या रांगेत कुणीतरी खाली जमिनीवर आहे. मी वळून जायचे. जमीन असायची.

माझ्यासारखी बाई अशा वेळी वाचत बसते. तो व्यापार करार इंटरनेटवर होता. त्यातलं माणसांच्या तात्पुरत्या प्रवेशाचं प्रकरण मी रोज थोडं थोडं वाचलं. भाषा कोरडी आहे, पण प्रामाणिक आहे. तात्पुरता प्रवेश म्हणजे कायम राहण्याचा हेतू नसलेल्या माणसाचा प्रवेश, अशा अर्थाचं एक वाक्य त्यात आहे. त्यावर मी खूप वेळ थांबले. त्याचा हेतू नव्हताच. त्याच्या बॅगेत माझ्यासाठी घेतलेलं एक उलथनं निघालं होतं, लाकडी, साधं. कायम राहायला निघालेला माणूस बायकोसाठी उलथनं घेत नाही.

वर्ष उलटून गेल्यावर एका रविवारी तो फिटर पुन्हा आला. स्टुलावर बसला. चहा संपवून कप खाली ठेवला.

“वहिनी, त्याच गिऱ्हाइकानं दुसरं मशीन घेतलंय. तयार झालंय. ट्रायल बघाय तिथली बाई येणार हाय. दादा होते तवा मशीनची लाईन तिच्याच हाताखाली होती.”

“बरं.”

“तिनं म्हटलंय, तुमाला भेटायचंय.”

मी कप उचलले आणि आत नेऊन ठेवले. परत आले तेव्हा तो उठून उभा होता. आपण चूक केली असं त्याला वाटलं असावं.

“कधी येणार आहे?” मी विचारलं.

आठवड्यानंतर कंपनीच्या ऑफिसातून एका मुलीचा फोन आला. आवाज गोड, घाबरलेला. “मॅडम, पाहुण्या फक्त मशीन पाहायला आलेल्या आहेत. व्हिसा त्या कामाचा आहे. तुमची भेट औपचारिकच ठेवू या. जुना विषय शक्यतो नको.”

“जुना कोणता?”

“नाही म्हणजे, तसं काही नाही.”

फिटरला हे सांगितलं तर तो हसला. “तिच्या कागदावर येण्याचं कारण ‘मीटिंग’ लिवलंय, वहिनी. ही काय मीटिंग न्हाई का? या बिनधास्त.”

मी कंपनीच्या बसनंच गेले. इतकी वर्षं ती बस मी फक्त बाहेरून पाहिली होती. खिडकीजवळच्या एका जागेवर कुणी बसलं नाही. मला बसायला सांगितलं तेव्हा ती कुणाची जागा होती ते कळलं. भोसरी गेली, मोशीला पुलावरून नदीचा वास आत आला, मग चाकणपर्यंत ट्रकांच्या मागे ट्रक. त्याच्या आयुष्याचा किती मोठा भाग या रस्त्यावर उभं राहण्यात गेला असेल, असं मनात आलं.

ती बाई माझ्याच वयाची होती. उंच, केस बारीक कापलेले, नाक उन्हानं लाल झालेलं. पायांत तिचे स्वतःचे जाड बूट. तिनं हात पुढे केला, मग तो मागे घेऊन दोन्ही हात जोडले, आणि मग काय करावं ते न कळून तसेच धरून ठेवले. आम्ही इंग्रजीत बोललो. आमचं बोलणं मला आता मराठीतच आठवतं, तसंच ते लिहिते आहे.

“मी आधी काम संपवते,” ती म्हणाली. “मग बोलू. चालेल ना?”

मला ते आवडलं. त्यालाही आवडलं असतं.

यंत्र चालू होतं. खोके येत होते, बंद होत होते, जात होते. एका ठिकाणी पट्टा थोडा ओढून घ्यायचा होता. दोन फिटर पाना घेऊन वाकले. ती त्यांच्या डोक्यावरून बघत होती. अचानक म्हणाली, “हलू, हलू... बास!”

ते दोघं हसले. एक म्हणाला, “आयला, मॅडमला मराठी येतंय की!” दुसऱ्यानं विचारलं, “कुणी शिकवलं, मॅडम?” आणि विचारता विचारताच त्याचा चेहरा उतरला.

ळ तिला येत नव्हता. पण ‘बास’चा तो शेवट, वर उचलून सोडून दिल्यासारखा, तो लातूरकडचा होता. घरात फळीवरचा डबा काढून देताना, गॅसची टाकी सरकवताना मी तो हजारदा ऐकला होता. शॉपमध्ये, म्हणजे यंत्रं उभी करायच्या त्या मोठ्या हॉलमध्ये, एवढा आवाज होता, तरी तो मला वेगळा ऐकू आला. मी यंत्राच्या कठड्याला हात लावला. कठडा गरम होता आणि थरथरत होता.

जेवायला आम्हाला वरच्या मजल्यावर नेलं. पाहुण्यांसाठी वेगळी खोली होती, तिला काच होती, आणि काचेतून खालचं सगळं शॉप दिसत होतं. तिनं दोन पोळ्या खाल्ल्या, ती वरण सांभाळून प्यायली. ऑफिसातली मुलगी समोर बसून हवामानावर बोलत होती. मला वहिनी म्हणणारा तो फिटर दाराशी उभा होता. त्याला बसायला सांगितलं तरी बसत नव्हता.

खाली भोंगा झाला होता. यंत्रं थांबली होती. मग कुणीतरी वरचे दिवे बंद केले, आणि मला वाटतं त्याच वेळी आम्ही दोघींनी खाली पाहिलं.

सगळे आडवे होत होते. स्टोअरच्या मागून प्रत्येकानं आपापला पुठ्ठा आणला होता, फाडून सपाट केलेले जुने खोके. तो झटकायचा, यंत्राच्या सावलीला टाकायचा, बूट न काढता त्यावर पाठ टेकायची, तोंडावर हातरुमाल. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. बघता बघता अख्खं शॉप जमिनीला लागलं. अर्धवट अंधारात यंत्रांच्या मधून माणसांच्या रांगा, हात छातीवर, तोंडं झाकलेली.

ती उठून काचेपाशी गेली. तिनं काचेला तळवा लावला.

“हे सगळे...?”

“झोपलेत,” फिटर म्हणाला. “रोजचंच हाय. जेवण झालं का घटकाभर पाठ टेकायची.”

मी तिला इंग्रजीत सांगितलं. पण ‘पाठ टेकायची’ हे शब्द तिनं माझ्याआधीच उचलले होते. ते ऐकून तिनं मान हलवली, ओळखीची खूण पटल्यासारखी.

“पाठ टेकतो,” ती म्हणाली. “तो असं म्हणायचा.”

ऑफिसातली मुलगी उठायला लागली. फिटरनं तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, “ताई, जरा चहाचं बघता का?” ती गेली.

मग त्या बाईनं काचेकडे तोंड ठेवूनच मला सांगितलं.

कारखान्यात पोचल्यावर पहिल्याच दिवशी जेवणानंतर त्यानं एक रिकामा खोका मागितला. तिला वाटलं कामाला हवा असेल. थोड्या वेळानं कुणीतरी ओरडलं की तो भारतीय माणूस यंत्राच्या विजेच्या पॅनेलमागे पडला आहे. त्यांच्याकडे कारखान्यात जमिनीवर माणूस दिसला की त्याचा एकच अर्थ होतो. औषधांची पेटी घेऊन चार जण धावले. एकानं गुडघ्यावर बसून त्याच्या मानेवर बोटं टेकवली, आणि तो दचकून उठला. खूप शरमला. मग खूप हसला. आमच्याकडे सगळेच झोपतात, म्हणाला, माझं सगळं शॉप झोपतं. कुणाचा विश्वास बसला नाही. सुरक्षेचं काम बघणारा माणूस म्हणाला, हे चालणार नाही. ही बाई त्याच्याशी भांडली. माणूस पहाटेपासून उभा आहे, घटकाभर पडू दे, कुणाच्या वाटेत नाही.

“मग आमच्या लोकांनी एक गंमत केली,” ती म्हणाली. “खोक्याचा एक तुकडा कापून त्याच्यासाठी पाटी बनवली. तो झोपला की आम्ही ती त्याच्या पायाशी उभी करायचो, म्हणजे नवीन कुणी आलं तर घाबरू नये. त्यावर लिहिलं होतं: ‘फक्त झोपला आहे. काळजी नको.’ त्याला ती फार आवडली होती. फोटो काढून घेणार होता.”

खाली कुणीतरी कूस बदलली. पुठ्ठ्याचा आवाज वर येण्यासारखा नव्हता, तरी मला आला.

“त्या दिवशीही पाटी होती,” ती म्हणाली. “मी दोनदा तिथून गेले. पहिल्यांदा तो सरळ झोपला होता, असाच, तोंडावर रुमाल. दुसऱ्यांदा गेले तेव्हा वरच्या झरोक्यातून गार वारा पडत होता. माझं जॅकेट काढून त्याच्या अंगावर टाकलं. सुट्टी संपली. आमचे लोक यंत्रावर गेले. एक जण म्हणाला, त्याला उठवू का? मी म्हटलं, कशाला? त्याला हात तर लावायचा नाहीये. उभंच राहायचंय ना, झोपू दे.”

तिनं काचेवरचा तळवा खाली घेतला.

“खूप वेळानं यंत्र अडकलं. तेव्हा त्याला बोलवायला गेले.”

मला जे विचारायचं होतं ते मी इतके महिने तोंडात धरून होते. आता ते वेगळ्याच शब्दांत बाहेर आलं.

“जॅकेट टाकलं तेव्हा तो हलला का?”

“मला वाटतं, हलला. मला वाटतं, काहीतरी म्हणालाही. पण मला तसं वाटून घ्यायचं आहे, म्हणून वाटतं. शपथेवर नाही सांगता येणार.”

“कुठल्या रंगाचं होतं?”

“काय?”

“जॅकेट.”

“निळं,” ती म्हणाली. “गडद निळं.”

खाली भोंगा झाला. दिवे लागले. एकेक रुमाल निघाला, एकेक माणूस उठून बसला, डोळे चोळले, पुठ्ठा घडी करून काखेत मारला. ती काचेला नाक लावून बघत होती. माझ्या लक्षात आलं की ती माणसं मोजते आहे. मोजत नसेल, पण तिची मान प्रत्येकाबरोबर हलत होती. सगळे उठले. एक उठला नाही.

कोपऱ्यातला, तांबड्या यंत्रापाशी. रुमाल तसाच. भोवतालची माणसं चालायला लागली होती. तिनं माझं मनगट धरलं. जोरात धरलं.

मग त्याच्या शेजारचा माणूस दोन पावलं मागे आला आणि त्यानं त्या पडलेल्याच्या बुटाच्या तळव्यावर लाथ मारली. “ऊठ की भावा! सासुरवाडीला आलायस व्हय?” काचेतून ऐकू आलं नाही, पण फिटरनं दारातून ते आम्हाला बोलून दाखवलं, कारण रोज तेच बोलतात. “जो मागं ऱ्हाईल त्याला शेजारच्यानं उठवायचं, बुटाला लाथ मारून. न्हाई उठवलं तर त्याचा दोष. दादा तर लई जोरात मारायचं.”

तो माणूस शिव्या देत उठला. दोघं हसत गेले.

मी तिला ते इंग्रजीत सांगितलं. शेजारच्यानं उठवायचं असतं. सांगताना मला माझेच शब्द ऐकू आले, आणि मी काय सांगते आहे ते कळलं. आडवं होण्याची रीत तो बरोबर घेऊन गेला होता. ती त्याची एकट्याची होती, जिथे जाईल तिथे पुठ्ठा मिळाला की झालं. उठवण्याची रीत शेजारच्याची असते. ती इथेच राहिली होती. तिथे कुणाला ती माहीत असण्याचं कारण नव्हतं.

तिलाही कळलं. ती खाली बसली, खुर्चीवर नाही, भिंतीला टेकून जमिनीवर. “मी उठवायला हवं होतं,” ती म्हणाली. “मला वाटलं मी त्याला चांगलं वागवते आहे.”

तुमचा काही दोष नाही, हे वाक्य माझ्याकडे तयार होतं. मी शिकलेली बाई आहे, असं वाक्य मला वेळेवर सुचतं. पण ते मला म्हणता आलं नाही. पहिल्या दिवशी चार माणसं पेटी घेऊन धावली होती आणि शेवटच्या दिवशी कुणीच धावलं नाही, कारण मधल्या दिवसांत त्यांचा त्याच्यावर जीव जडला होता. याला दोष म्हणायचं की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. साडी चुरगळली. ऑफिसातली मुलगी चहा घेऊन आली तेव्हा आम्ही दोघी तशाच बसलो होतो, आणि त्या पोरीनं शहाण्यासारखं ट्रे खालीच ठेवला.

चार दिवसांनी ती परत गेली. तिलाही तेवढाच प्रवेश होता.

त्यानंतर माझी एक सवय बदलली. आमच्या घराजवळ पालिकेचं मोठं रुग्णालय आहे. त्याच्या भिंतीलगत रुग्णांचे नातेवाईक दुपारी पुठ्ठे टाकून आडवे झालेले असतात. बीडचे, परभणीचे, कुठकुठले. पूर्वी मी त्यांच्याकडे न बघता जायचे. आता मी थांबते. छाती वरखाली होताना दिसली की पुढच्या माणसाकडे बघते. एकदा एका म्हाताऱ्याची छाती मला दिसेना. मी त्याच्या चपलेला माझ्या चपलेनं हलकेच ढोसलं. तो डोळे उघडून म्हणाला, “काय झालं, बाई?” मी म्हटलं, काही नाही, झोपा.

दुसरं यंत्र सुटं होऊन पेट्यांमध्ये गेलं. ते बसवायला तो फिटर निघाला, त्याच करारातल्या त्याच प्रकारात. जाण्याआधी भेटायला आला. नवीन बॅग, नवीन बूट. त्याला मी दहीभात खाऊ घातला आणि म्हटलं, “जेवणानंतर पाठ टेकलीस तर शेजारच्याला सांगून ठेव. उठवायला सांग.”

“व्हय, वहिनी.”

“विसरशील.”

“न्हाई विसरत.”

पोचल्यावर काही दिवसांनी त्याचा फोन आला. मागे यंत्राचा आवाज होता. “वहिनी, पाटी न्हाई आता हितं. भोंगा झाला का ती बाई सोता येती आन् बुटाला लाथ मारती. लई जोरात मारती, राव. लागतंय.” तो हसत होता. मग हसायचा थांबला आणि म्हणाला, “आन् म्होरं सगळं शॉप बघत उभं ऱ्हातं, मी उठस्तवर.”

मी बरं म्हटलं. फोन ठेवला.

आता घरात मी एकटी आहे. सकाळी बस हॉर्न देते आणि जाते. तो तिथे एकटा नव्हता, एवढं मला कळलं आहे. अंगावर जॅकेट पडलं तेव्हा तो होता की नव्हता, ते कळलेलं नाही.